सोबत्याचा रकाना

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते बाजूला ठेवलं असशील, तर किती दिवसांनी उघडलंस ते मला कळणार नाही. तेव्हा संकोच नको. आत मागणं काही नाही.

पत्ता मी वहिनीच्या भावाकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस, तो देत नव्हता. फोन मी नऊ वर्षांत तीन वेळा केला. तू उचलला नाहीस, हे ठीकच झालं, कारण उचलला असतास तर मी काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. फोन वाजतो तेव्हा माणूस रागात असला तर रागातच उत्तर देतो. पत्राचं तसं नाही. ते टेबलावर पडून राहतं, राग उतरायची वाट बघतं.

हे मी आपणहून लिहीत नाही, तेही सांगून टाकतो. मला गृहपाठ दिलाय. पन्नाशीच्या तोंडावर गृहपाठ! आपल्या गावच्या शाळेत गुरुजी पत्रलेखन शिकवायचे तेव्हा मी वडिलांना सहलीसाठी पैसे मागणारं पत्र लिहायचो आणि तू माझ्या वहीतून उतरवून घ्यायचास. त्यानंतर आज बसलोय.

माझ्या उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढी गाठ आहे. कॅन्सर आहे. खोकला महिनाभर जाईना म्हणून फोटो काढला, त्यात सापडली. मोठे डॉक्टर म्हणाले, काढता येईल, पसरलेली नाही. मी म्हटलं, मग उद्याच काढा. ते म्हणाले, उद्या नाही, तीन मार्चला. आधी चार आठवडे तुमची तयारी. चालायचं, श्वासाचा व्यायाम करायचा, अंगात ताकद भरायची, बिडी बंद, आणि डोक्यात जी भीती बसलीय तीही जरा हलवायची. शरीर तयार असलं तर ऑपरेशननंतर माणूस लवकर उभा राहतो, तयार नसलं तर पडून राहतो आणि पडून राहिलेल्याला शंभर व्याधी लागतात.

मी म्हटलं, "म्हणजे आधी खरवडायचं, मग घासायचं, भेगांत लांबी भरायची, आणि शेवटी रंग."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्ही करता काय?"

"रंगारी आहे. घरं रंगवतो."

"मग तुम्हाला मी काय समजावणार!" म्हणाले.

बाबा सांगायचे ना, आठ दिवसांच्या कामात सात दिवस भिंतीचे आणि एक दिवस रंगाचा. त्या सात दिवसांचा कंटाळा नेहमी मला यायचा. खरवडायला तू, शेवटचा हात मारायला मी. आता देवाने मला खरवडण्याच्या कामावर लावलंय.

बिडी सुटली. सवय तूच लावली होतीस, गोदामाच्या मागे. राग नाही.

तयारीच्या वर्गात मनाचं बघणाऱ्या एक बाई येतात. त्यांनी सांगितलं, ज्याच्याशी बोलणं अर्धवट राहिलंय त्याला पत्र लिहा, टाका किंवा टाकू नका. मी टाकतोय. तिकीट आणलंच होतं.

तुझा धाकटा


१० फेब्रुवारी

दादा,

आज एक खोटं बोललो, आणि ते तुझ्याबद्दल असल्यामुळे तुला कळवणं भाग आहे.

वर्ग घेणारी जी व्यायामाची डॉक्टरीण आहे ती माझ्या लेकीच्या, ठमीच्या वयाची असेल. गळ्यात शिट्टी असते. ती फुंकली की आम्ही चालायचं, पुन्हा फुंकली की थांबायचं. आम्ही तिला आपसांत शिट्टीच म्हणतो. पहिल्या दिवशी तिने सहा मिनिटं चालवलं. हॉस्पिटलचा लांब बोळ आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस मीटर. सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते ती मोजते. माझ्या अकरा झाल्या आणि वर थोडं, म्हणजे तीनशे चाळीस मीटर. म्हणाली, "चारशेच्या वर गेलात की मोठे डॉक्टर तुम्हाला टेबलावर घेतील. खाली राहिलात तर नाही घेणार."

मला वाटलं चारशे म्हणजे काय, शिडी खांद्यावर घेऊन जाईन. पण दमायला होतं रे.

तर आज तिने एक कागद भरायला दिला. त्यात एक रकाना होता: सोबती. रोज सकाळी तुमच्याबरोबर कोण चालणार, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तुम्हाला उभं करायला कोण असणार. एकटं चालणारा माणूस तिसऱ्या दिवशी घरी बसतो म्हणे. तुझ्या भावजयीचे गुडघे गेलेत, ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येते तेच खूप. ठमी बाळंतपणाला टेकलीय. पेन हातात होतं, मागे रांग होती. मी लिहिलं: मोठा भाऊ.

शिट्टी म्हणाली, "अरे वा! उंच आहेत का? तुम्हाला सावरायला पाहिजेत."

मी म्हटलं, "चांगले सहा फूट."

तू साडेपाच आहेस हे मला माहीत आहे. पण मी तुला आयुष्यभर शिडीवरच पाहिलंय.

तू काही करायची गरज नाही. कागदापुरतं आहे.

बाकी मजेत. वर्गात आम्ही पाच जण. माझ्या शेजारी निवृत्त बसड्रायव्हर बसतो, त्याचं आतड्याचं आहे. आम्हाला प्रत्येकी एक प्लास्टिकचं यंत्र दिलंय, त्यात तीन गोळे. नळीतून हवा आत ओढायची, गोळे वर उचलले पाहिजेत. माझा एक गोळा उठतो, दुसरा, बोलावण्याची वाट बघत अंगणात उभ्या जावयासारखा, नुसता हलतो. ड्रायव्हर अडीच उचलतो आणि मग सगळ्यांकडे असं बघतो की जणू भरलेली बस चढावर पहिल्या गिअरमध्ये आणून लावली.

मी नियमाने प्रार्थना करतो. यावर तू काही बोलशील, पण पत्रात ऐकू येत नाही.

धाकटा


१७ फेब्रुवारी

दादा,

तुला सर्दी झाली होती, मग तू गावाला गेलास, मग तुझ्या पायात काटा गेला. परवा तू हॉस्पिटलच्या दारापर्यंत आला होतास, पण तुला आतला वास सोसत नाही म्हणून बाहेर थांबलास. हे सगळं मी शिट्टीला सांगितलं आहे. काल ती म्हणाली, "तुमचे भाऊ फार नाजूक दिसतात हो. सहा फुटांचे ना?"

ड्रायव्हर मागून म्हणाला, "मॅडम, उंच झाडाला वारा जास्त."

या आठवड्यात आम्हाला वर नेऊन ती खोली दाखवली, जिथे ऑपरेशननंतर शुद्धीवर आणतात. एक बाई जायला तयार नव्हत्या. मनाच्या बाई त्यांना म्हणाल्या, "न बघितलेल्या खोलीत माणूस दहा भुतं बसवतो. बघून घ्या, चारच यंत्रं आहेत." आम्हाला नळ्या दाखवल्या. ही छातीतून, ही नाकातून, ही लघवीची. ही का असते, कधी काढतात. यंत्राचा आवाज ऐकवला. मग विचारलं, कुणाला पलंगावर पडून बघायचंय का? ड्रायव्हर चपला काढून चढला. डोळे मिटले. दोन मिनिटांत घोरायला लागला! नर्सने हलवून उठवलं तर म्हणतो, "स्टॉप आला का?" जायला तयार नसलेल्या बाई इतक्या हसल्या की भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

मी त्या वेळी छत बघत होतो. पांढऱ्या रंगाचे दोनच हात आहेत, तिसरा राहिलाय. शुद्धीवर आल्यावर मला पहिलं तेच दिसणार.

वजन पावणेदोन किलो उतरलं. का कोण जाणे. शिट्टीने दोनदा काटा तपासला. तुझी भावजय डबा भरून देते. दोन उकडलेली अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे. डबा रिकामा परत जातो. ताकद यायला चार दिवस लागतात, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

प्रार्थना चालू आहे. मनाला फार शांत वाटतं. थोडी चक्कर येते, पण शांत वाटतं.

धाकटा


२४ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. सगळ्यांपासूनच लपवली होती, आज ती वर्गात सगळ्यांसमोर उघडी पडली.

आज मधली परीक्षा होती. दहा फेऱ्या झाल्या आणि मी बोळात मटकन बसलो. तीनशे मीटर. आलो तेव्हापेक्षा चाळीस कमी. शिट्टीने मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मग वजनाची वही काढली. बोट ठेवून आकडे ताडून बघितले. मग ड्रायव्हरला म्हणाली, "काका, तुमचं वजन तीन आठवड्यांत तीन किलो वाढलंय."

तो खूश. "अंडी, मॅडम."

"आणि यांचं तीन किलो उतरलंय." तिने वही आमच्यासमोर धरली. "दोघांची बेरीज पहिल्या दिवसाइतकीच आहे."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "तुम्ही तर म्हणालात, अंडी पचत नाहीत."

दादा, मी उपास करत होतो. गाठ सापडल्याच्या दिवशी देवापुढे बोललो होतो की ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत एकच वेळ जेवीन. कुणाला सांगितलं तर फळ जातं असं आपल्याला लहानपणापासून माहीत, म्हणून सांगितलं नाही. डबा ड्रायव्हरला देत होतो. त्याला वाटलं मी मोठ्या मनाचा आहे.

तो म्हणाला, "अहो, नवस फेडायला तरी माणूस उरायला पाहिजे ना!"

शिट्टी हसली नाही. ती म्हणाली, "तुमच्या भावाला बोलवा. आत्ता. सोबत करायची म्हणजे काय करायचं, ते मला त्यांनाच विचारायचंय. रोज बरोबर चालणाऱ्याला दिसू नये की माणूस वाळतोय?"

तुला ती असं बोलायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ आहे, पण माझ्याबरोबर चालत नाही. नऊ वर्षं बोलतही नाही, आणि चूक त्याची नाही.

मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी तीन मार्चची तारीख खोडली. म्हणाले, "या अवस्थेत मी तुमची छाती उघडणार नाही. सतरा मार्च देतो. त्यापलीकडे गाठ थांबणार नाही. तोवर चारशेवर गेलात तर काढतो. नाही तर औषधांनी दाबून ठेवायची, पण मग काढणं नाही."

घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. तिने ताटावर पळी तशीच धरून ठेवली. म्हणाली, "भावोजी म्हणाले होते तेच झालं."

म्हणून आता आईचं लिहितो.

आईने छातीतली गाठ पहिल्यांदा मला दाखवली, तुला नाही. म्हणाली, दादाला सांगू नकोस, तो लगेच ओढत डॉक्टरकडे नेईल. मी सांगितलं नाही. मी उपास धरला. तीन महिने. मला खरंच वाटलं की मी काहीतरी करतोय. रोज भूक लागायची आणि वाटायचं, एवढा त्रास होतोय म्हणजे पोचत असणार. तुला कळलं तेव्हा गाठ कातडीबाहेर आली होती. तू मला म्हणालास, "देवाला कामाला लावलंस आणि स्वतः बसून राहिलास." त्यानंतर मी तुला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुला आठवतच असेल.

आज बोळात बसलो होतो तेव्हा समोरच्या भिंतीवर एक पोपडा सुटला होता. ओल न काढता कुणीतरी वरून रंग मारलाय. तीनदा मारलाय, थर दिसतात. मी त्याच्याकडे बघत बसलो.

मला भीती वाटते, दादा. मरणाची थोडी, आणि याची जास्त, की देवाचा हात सोडला तर मी एकटा पडेन.

धाकटा


१ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं!

पत्र कसलं, चार ओळी. तुझ्या भावजयीने मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी ती तोंडाला पदर लावून आत गेली, हसत होती की काय ते कळलं नाही. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण मला उतरवून काढायची हौस आहे:

"गाढवा, पत्रं मिळाली. चारही. देवाला काय सांगायचं ते सांग, पण भरल्या पोटी सांग. मी सकाळी साडेसहाला फिरायला निघतो. तूही त्याच वेळी निघ. उशीर केलास तर मला कळेल. दादा."

नऊ वर्षांनी मला कुणी गाढव म्हटलं. बाहेरच्या लोकांनी म्हटलंय, पण त्यांना तो अधिकार नव्हता.

तरीही नवस मोडायला धीर होईना. शब्द दिलेला होता. संध्याकाळी दिवा लावून बराच वेळ बसलो. तुझी भावजय मागे येऊन उभी राहिली.

"काय म्हणतायत देव?"

"काही नाही. शब्द दिलाय गं. एवढ्या वर्षांत कधी मोडला नाही."

"अहो, उपास कशासाठी करायचा? अंगाला त्रास व्हावा म्हणूनच ना?"

"तसंच काहीसं."

"मग अंडी खा. दिवसाला चार. लग्नापासून बघतेय, अंडं बघितलं की तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. भूक काय, कुणालाही लागते. हे तोंड देवाला दिसलं की पावलाच तो."

पंचवीस वर्षं प्रार्थना मी करतोय, आणि धर्म तिला कळतो.

तेव्हा आता माझं व्रत असं आहे: चार अंडी, दोन वेळ पोटभर जेवण, आणि काही लपवायचं नाही. पहिलं अंडं डोळे मिटून खाल्लं. दुसरं उघडे ठेवून. दोन्ही वाईट.

उद्या साडेसहाला निघतो.

धाकटा


८ मार्च

दादा,

तुझी कार्डं मिळतायत. "आज बावीस मिनिटं. मांडी भरून आली. तुझं?" माझं सव्वीस. "मागे कुत्रं लागलं म्हणून जोरात चाललो, ते धरू नये." धरत नाही. "आज कंटाळा आला होता. तू निघाला असशील म्हणून गेलो." हे कार्ड मी शिट्टीला दाखवलं.

तिने ते वाचलं, उलटून टपालाचा शिक्का बघितला. विचारलं, "किती लांब राहतात?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही दोघं एका वेळी निघता, तो तिकडे, तुम्ही इकडे."

"हो."

"आणि बोलता कधी?"

"चालताना. मी बोलतो. तो लांब आहे म्हणून मध्येच तोडत नाही."

तिने माझा कागद काढला. सोबत्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं त्याच्या बाजूला टाचणीने तुझं कार्ड लावलं. मग म्हणाली, "उंची मात्र खोडा. एवढ्या बारक्या अक्षराचा माणूस सहा फूट नसतो."

तर तू आता खराखुरा माझ्या कागदावर आहेस.

वजन सव्वा किलो वर आलंय. दुसरा गोळा उठायला लागला. खुर्चीवरून हात न लावता उठणं तीस सेकंदांत चौदा वेळा होतं, आधी आठ व्हायचं. उशी छातीशी धरून खोकायला शिकलो. टाके पडल्यावर तसंच खोकायचं असतं, नाहीतर कफ साचतो. ठमी बघून म्हणाली, "बाबा, बाळाला घ्यायची तालीम होतेय तुमची."

ड्रायव्हरचं ऑपरेशन गुरुवारी झालं. त्याने आधी मला एकांतात गाठलं होतं. म्हणाला, "तुमची अंडी माझ्या अंगात आहेत. मी बरा झालो तर अर्धं श्रेय तुम्हाला." मी म्हटलं, आणि नाही झालात तर? म्हणाला, "तर शिट्टीला सांगा, बेरीज चुकली."

काल त्याला बघायला गेलो. हातात नळीची बाटली घेऊन वॉर्डातून फिरत होता आणि प्रत्येक पलंगापाशी थांबत होता. नर्स म्हणाली, हे सगळ्यांना उठवतायत.

देवाचा हात सुटेल असं मी लिहिलं होतं. सुटला नाही. सकाळी चालताना श्वास मोजतो, चार पावलांत आत, सहा पावलांत बाहेर. इतक्या लक्षपूर्वक मी देवघरात कधी बसलो नव्हतो. तिथे माझं अर्धं मन मागण्यांची यादी वाचण्यात असायचं. श्वास घेताना काही मागता येत नाही. तेवढं देणं पुरेसं मोठं आहे असं वाटतं.

हे तुला पटणार नाही. चालेल.

धाकटा


१४ मार्च

दादा,

सांगू की ताणू? सांगतो. पण क्रमाने.

सकाळी दहाला परीक्षा. बोळात बघे जमले होते. मनाच्या बाई, तुझी भावजय बाकावर, आणि ड्रायव्हर हॉस्पिटलच्या झग्यात, हातात बाटली. मोठे डॉक्टर जाता जाता थांबल्यासारखे थांबले, पण ते मुद्दाम थांबले होते.

शिट्टी म्हणाली, "धावायचं नाही. बोलायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेका, घड्याळ थांबणार नाही."

शिट्टी वाजली. ड्रायव्हर ओरडला, "चला, डबल बेल!"

पहिल्या चार फेऱ्या कशा गेल्या कळलं नाही. पाचवीला दम लागला. मी भिंती बघायला लागलो. आता या बोळाच्या भिंती मला तोंडपाठ आहेत. डावीकडे रोलरचे पट्टे, स्विचबोर्डाभोवती ब्रशचे थेंब, कोपऱ्यात तो पोपडा. आठवीला पोटरीत गोळा आला. दहावीला, जिथे मी मागे बसलो होतो, तिथे माझे पाय आपोआप मंद झाले. ती फरशी पायांना आठवत होती. तुझी भावजय बाकावरून उठली. तिचे गुडघे असे आणि ती उठून उभी राहिली! मला वाटलं, ती एवढी उठली तर मी बसायचं कसं?

अकरा. बारा. तेराव्या फेरीला ड्रायव्हर बोळाच्या कडेने माझ्याबरोबर चालायला लागला, बाटली हलवत. नर्स ओरडली. तेरा म्हणजे तीनशे नव्वद. वळलो. ड्रायव्हर "तिकीट, तिकीट" असं काहीतरी पुटपुटत होता, हसू येऊन माझा श्वास चुकला, चार पावलं वाया गेली. चौदावी पुरी केली तेव्हा शिट्टी अजून वाजली नव्हती. पंधरावीत सात-आठ पावलं टाकली आणि वाजली.

तिने टेप लावून मोजलं. चारशे सव्वीस.

मोठ्या डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, भिंतीला कागद टेकवला आणि सही केली. ओल्या पोपड्याच्या बरोबर वर. सही जरा वाकडी आली.

सतरा तारीख पक्की. सकाळी साडेआठ.

तू ये असं मी लिहीत नाही. तू तिकडे साडेसहाला निघ, तेवढं पुरे. त्या दिवशी मी चालणार नाही, पण तू निघ.

धाकटा


१७ मार्च, सकाळचे सात

दादा,

हे पत्र टपालात पडणार नाही. तू समोरच्या खुर्चीत मान टाकून झोपला आहेस आणि तुझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय. केस पार गेले रे तुझे. मी तुला काल दारात बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बाबा आले.

काल आपण चार तास बोललो आणि काय बोललो? तू म्हणालास, या खोलीच्या छताला तिसरा हात राहिलाय. मी म्हटलं, शुद्धीवर आणतात त्या खोलीतही तेच आहे. मग लांबीत हल्ली काय भेसळ येते ते. मग तुझ्या पायाचा काटा, जो कधी गेलाच नव्हता, शिट्टीने तुला बघितल्या बघितल्या विचारलं, "काढला का?" तू "काय?" म्हणालास आणि ती इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. मग ठमीला मुलगी होईल की मुलगा यावर तू पैज लावायला निघालास आणि तुझ्या भावजयीने तुला दटावलं. सगळं बोललो, तेवढं एक सोडून.

ते आता लिहितो, कारण तोंडाने व्हायचं नाही.

आई गेली त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, "तू देव मानत नाहीस, तुझ्या पापाने आई गेली." सगळ्या नातेवाइकांसमोर. तू पिशवी उचललीस. माझं चुकलं हे मला तुझी पाठ दिसत होती तेव्हाच कळलं होतं. मला माहीत होतं आई कशाने गेली. माझ्या त्या तीन महिन्यांच्या उपासाने गेली. ते ओझं मला उचलत नव्हतं म्हणून मी ते तुझ्या खांद्यावर ठेवलं, जशी लहानपणी शिडी ठेवायचो. आणि तू ती नेलीसही, नऊ वर्षं.

मला क्षमा कर. आत जाण्याआधी मागतोय ते मरणाच्या भीतीने नाही. सहा आठवड्यांत मला इतकं घासून काढलंय की आता वरून काही मारून झाकता येत नाही.

तू हललास. चष्मा सावरलास.

"काय लिहितोयस?"

"पत्र."

"कुणाला?"

"तुला."

"मी इथे आहे ना, गाढवा."

"म्हणूनच."

तू हात पुढे केलायस. थांब, दोन ओळी राहिल्या.

वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आलाय. शिट्टी त्याच्या मागोमाग आली आणि म्हणाली, यांना खुर्ची नको, हे चालत जातील, खालच्या मजल्यापर्यंत. वॉर्डबॉय म्हणतो, नियम आहे, खुर्ची रिकामी नेता येत नाही. तू उठून तिच्यात माझी पिशवी ठेवलीस, माझ्या चपला ठेवल्यास, वर माझी खोकायची उशी बसवलीस आणि म्हणालास, "घ्या, झाली भरती. चला."

मी उठतो. तू डाव्या बाजूला ये, उजवी बाजू डॉक्टरांची आहे.

हा कागद तुला देतोय. चालता चालता वाचू नकोस, धडपडशील आणि मला तुला सावरावं लागेल. मी आत गेलो की बाकावर बसून सावकाश वाच. चार तास लागतील म्हणाले, आणि तुला तिथे दुसरं काही काम नाही.